स्वतःचं इतिवृत्त

नोव्हेंबरच्या दुसऱ्या मंगळवारी माझ्या मुलीचा, मिर्तेचा फोन आला. ती ग्रोनिंगनला असते, मी काम्पनला, मध्ये गाडीने सव्वा तासाचं अंतर. फेब्रुवारीत तिला बाळ होणार होतं आणि बाळ आल्यानंतरचा पहिला आठवडा माझा, असं मी धरून चालले होते.

"आई, पहिल्या आठवड्याचं जरा बोलायचं होतं," ती म्हणाली. "आम्ही ठरवलंय की तेव्हा इनेकेला बोलवायचं. तू नंतर ये. म्हणजे मला जरा..."

"म्हणजे इनेके दोन गल्ल्या सोडून राहते, तिच्या झोपायची सोय करावी लागत नाही. असंच ना?"

मग ती म्हणाली, "हो. तसंच समज."

इनेके म्हणजे तिची सासू, जावयाची, योरिसची आई. बाई चांगली आहे, त्याबद्दल वाद नाही. पण मला एकच मुलगी, आणि नवरा जाऊन बारा वर्षं झालेली. मी फोन ठेवला, भांडी घासली, घासलेली भांडी पुन्हा घासली. मला फार वाईट वाटलं. कारण तर कळलं होतं, दोन गल्ल्यांचं अंतर, तरी वाईट वाटायचं थांबेना. तेव्हाच संशय यायला हवा होता की कारण ते नसावं. नाही आला.

माझं काम सांगायला हवं. एकतीस वर्षं मी पाणी मंडळाच्या बैठकांची इतिवृत्तं लिहिली. बंधाऱ्यांवरून आणि पंपांवरून भांडणारे शेतकरी, अभियंते आणि पुढारी एका लांब टेबलाशी बसायचे, आणि मी टेबलाच्या टोकाला. माणसं बोलतात ते जसंच्या तसं लिहिलं तर नुसता वेड्यांचा बाजार दिसेल. "ते आपलं, त्या दिवशीचं, तो पंप म्हणजे, मी काय म्हणतो..." एवढं बोलून डाइकस्ट्रा नावाचे गृहस्थ थांबायचे, आणि मी लिहायची: 'पंप क्रमांक चारच्या दुरुस्तीस विलंब होत असल्याबद्दल श्री. डाइकस्ट्रा यांनी नाराजी व्यक्त केली.' पुढच्या बैठकीत ते वाचून डाइकस्ट्रा म्हणायचे, "अगदी हेच म्हणायचं होतं मला." एकतीस वर्षांत माझ्या इतिवृत्तांना सात दुरुस्त्या सुचवल्या गेल्या. निवृत्तीच्या दिवशी अध्यक्षांनी भाषणात हा आकडा सांगितला आणि टाळ्या पडल्या.

इतिवृत्त लिहिणाऱ्याचं नाव उपस्थितांच्या यादीत सगळ्यात शेवटी येतं. पुढे त्याचा पत्ता नसतो. तो खोकला काय, जांभई दिली काय, कुठेही नोंद होत नाही.

तर माझी स्वतःबद्दल अशी पक्की समजूत होती की माणसांचं ऐकून घेणं मला जमतं. बाकी दोष होते. मी चिक्कू आहे, मला नाचता येत नाही, कुत्री आवडत नाहीत. पण ऐकणं? त्यात आपण तरबेज.

पाच डिसेंबरला आमच्याकडे सिंट निकोलासचा, म्हणजे वहीत सगळ्यांच्या वागण्याची नोंद ठेवून भेटी वाटणाऱ्या म्हाताऱ्या संताचा सण असतो; दर वर्षी त्याच्या अलीकडच्या रविवारी आम्ही चौघं जमतो. मी, वेन्दला, तिचा नवरा लाम्बेर्ट आणि बाउके. वेन्दलाने औषधाच्या दुकानात गल्ल्यामागे चाळीस वर्षं काढली; गावातल्या कुणाला कुठे खाज सुटते हे माहीत असलेल्या बाईला भीड म्हणून उरत नाही. लाम्बेर्ट चर्चमध्ये ऑर्गन वाजवतो आणि एरवी झोपतो. बाउके मालवाहू जहाजावर कप्तान होता. ते त्याने विकलं आणि नदीकाठी घर घेतलं. तो हळू बोलतो, इतका हळू की मध्ये चहा करून यावा.

ऑक्टोबरच्या शेवटी आम्ही टोपीतून चिठ्ठ्या काढतो. ज्याचं नाव निघेल त्याच्यासाठी काहीतरी वस्तू घडवायची, तिच्या पोटात भेट लपवायची, आणि सिंट निकोलासच्या नावाने एक कविता लिहायची. कवितेत त्या माणसाची वर्षभराची उणीदुणी यमकं जुळवून काढायची. कवी कोण ते सांगायचं नाही. ज्याच्यावर कविता आहे त्याने उभं राहून ती मोठ्याने वाचायची आणि शेवटी म्हणायचं, "धन्यवाद, सिंट!" रुसायचं नाही. बोळकं तोंड असल्यापासूनचे नियम आहेत हे, सत्तरीला टेकलो तरी तेच.

लाम्बेर्टची कविता मी लिहिली होती, त्याच्या झोपेवर. त्याने ती वाचता वाचता जांभई दिली, सगळे हसले. मग माझी पाळी आली. टेबलावर लाकडाचा एक कान आला, हातभर लांब, सुरेख तासलेला. कानाला मागून बिजागरी होती. उघडला तर आत लाल रंगवलेलं, आ वासलेलं तोंड, आणि त्या तोंडात माझ्या नावाचं चॉकलेटचं अक्षर. मी कौतुकाने कान सगळ्यांना फिरवून दाखवला. मग उभी राहिले, चष्मा लावला आणि वाचायला लागले.

सिंटच्या वहीत नोंद आहे, हिल्के ऐकते छान,
गावात नाही दुसऱ्या कुणाला एवढे मोठे कान.
'आज मला जरा...' एवढंच कुणी म्हणायचा उशीर,
उरलेलं वाक्य हिल्के बोलते, होऊन अगदी अधीर.
कुणाचं घर, कुणाचं दुखणं, कुणाचा घोडा हरवला,
शेवट ज्याचा त्याला कळायच्या आत हिने ठरवला.

इथे पान संपलं. मी मान वर करून म्हणाले, "म्हणजे सिंटला असं म्हणायचंय, की मी माणसाच्या मनातलं चटकन ओळखते."

खोलीत जो हशा फुटला तो काही आवरेना. लाम्बेर्ट जागा झाला. वेन्दलाने नाकातोंडातून कॉफी उडवली. मी हसू तोंडावर ठेवून एकेकाकडे बघत होते, विनोद काय झाला ते मला कळेना. शेवटी बाउकेने बोट दाखवलं, "पान... उलट."

पान उलटलं.

सिंट म्हातारा, बोलतो हळू, घेतो मधेच श्वास,
तेवढ्यात हिल्के सांगून टाकते सिंटला कसला त्रास.
म्हणून सिंटची मागणी यंदा एकच आणि साधी,
वाक्य माझं मला संपवू दे. बोल नंतर, नको आधी.

"धन्यवाद, सिंट," मी म्हणाले आणि बसले. बदामाचं सारण भरलेली पेस्ट्री मी तोंडात घातली, पण चव लागली नाही. नियम होता म्हणून रुसले नाही. घरी पोचल्यावर रुसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता मी वेन्दलाच्या दारात. आगाऊ फोन न करता. आमच्याकडे याला उद्धटपणा म्हणतात, आणि तो मी ठरवूनच केला.

"कविता तुझी," कोट न काढताच मी म्हणाले.

"नाही."

"तुझ्याशिवाय इतकं टोचून कोण लिहितं?"

"टोचलं ना? मग खरं असणार. कोट काढ, बस. कॉफी आहे."

कॉफीबरोबर एक बिस्किट. मी घेतलं नाही.

"वेन्दला, मी माणसांना मदत करते. त्यांना शब्द सापडत नसतात."

"अगं, सापडत नसतात नाही, शोधत असतात. तू मध्येच हात घालतेस."

"एक उदाहरण दे. एक."

तिने कप खाली ठेवला. "माझी आई गेली तेव्हा. तू चर्चच्या दारात माझ्या शेजारी उभी होतीस. मी म्हटलं, 'आता मला...' आणि तू म्हणालीस, 'आता तुला मोकळं वाटत असेल.' मी मान हलवली असेन. तीन रात्री झोपले नव्हते मी, कुणी माकड म्हटलं असतं तरी मान हलवली असती. तू ते लाम्बेर्टच्या बहिणीला सांगितलंस. तिने गावाला. चार वर्षं झाली, लोक मला म्हणतात, सुटलीस बाई."

"मग तुला काय म्हणायचं होतं तेव्हा?"

"तेच तर. आठवत नाही आता. तुझंच तेवढं लक्षात राहिलंय."

"चार वर्षांत बोलली का नाहीस?"

"दोनदा बोलले. दोन्ही वेळा तू मलाच माझं म्हणणं समजावून सांगितलंस." तिने बिस्किटाची बशी माझ्याकडे सरकवली. "खा आता. मी काही तुझ्याशी बोलणं टाकलेलं नाही. टाकायचं असतं तर तेव्हाच टाकलं असतं."

परत येताना मी पुलावरून चालत आले. नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या आणि वारा तर असा होता की डोळ्यांतून पाणी यायला दुसरं कारण लागू नये. वेन्दला अतिशयोक्ती करते, असं मी मनात तीनदा म्हटलं. मग वाटलं, तपासून बघायला काय हरकत आहे? लिहिणं हाच तर माझा धंदा. दुकानातून एक वही घेतली आणि मी माझं स्वतःचं इतिवृत्त लिहायला लागले. नियम एकच केला: काही सुधारायचं नाही. जो जसं बोलला तसं, अर्धवट तर अर्धवट. आणि हिल्के या बाईचं नाव उपस्थितांत लिहून सोडून द्यायचं नाही, ती बोलली की नोंद करायची.

पहिली नोंद अशी आहे:

'स्थळ: बेकरी. उपस्थित: बेकरीवाली, हिल्के. बेकरीवाली म्हणाली, "आज अक्रोडाचा पाव..." हिल्के म्हणाली, "संपला वाटतं." बेकरीवाली म्हणाली, नाही, आज दोन घेतले तर एक फुकट आहे.'

आणि ही तिसऱ्या दिवसाची:

'स्थळ: जिना. उपस्थित: वरच्या मजल्यावरचे श्री. फान हाल्म, हिल्के. श्री. फान हाल्म म्हणाले, "डॉक्टर म्हणतात, माझ्या गुडघ्याला..." हिल्के म्हणाली, "ऑपरेशन लागणार. माझ्या नणंदेचंही झालं. दोन महिन्यांत नाचायला लागाल." श्री. फान हाल्म "हो का" म्हणाले आणि वर गेले. त्यांच्या गुडघ्याला काय झालंय ते कळलं नाही.'

हे वाचून मला हसू आलं. चौथ्या दिवशी कमी आलं. आठव्या दिवशी मी लिहिता लिहिता उठून खिडकीशी गेले. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

बघता बघता आणखी एक गोष्ट ध्यानात आली. समोरचा थांबला की माझ्या छातीत काहीतरी आवळतं. फोन वाजतोय आणि कुणी उचलत नाही, तेव्हा होतं तसं. ते आवळणं मला सहन होत नाही, म्हणून मी बोलून टाकते. त्याच्यासाठी नाही, माझ्यासाठी. एवढं साधं होतं ते. सदुसष्ट वर्षं मी त्याला समजूतदारपणा म्हणत आले.

दोन आठवड्यांनी मी वहीची बेरीज केली. शेहेचाळीस वाक्यं मी दुसऱ्यांची पुरी केली होती. जिथे नंतर खरं काय ते कळलं, अशी तेवीस. त्यातली माझी बरोबर आलेली पाच. एकतीस वर्षांत सात दुरुस्त्या, आणि इथे दोन आठवड्यांत अठरा. त्या बिचाऱ्या डाइकस्ट्रांना तरी खरंच "अगदी हेच" म्हणायचं होतं का, की घरी जेवायला जायचं होतं म्हणून हो म्हणत होते, देव जाणे.

मग तो फोन आठवला. 'म्हणजे मला जरा...' पुढे मिर्तेला काय म्हणायचं होतं, हे मला ठाऊक नव्हतं. दोन गल्ल्यांची गोष्ट मी रचलेली. तिने फक्त 'तसंच समज' म्हटलं होतं.

नाताळच्या आधी मी बाउकेकडे गेले. तो शेडमध्ये रंधा मारत होता. कोपऱ्यात लाकडाचे दोन कान पडलेले दिसले, एक चिरलेला, एक जास्तच मोठा झालेला.

"तू लिहिलीस होय कविता!"

"हं," तो म्हणाला. "कागदावर... मध्ये कुणी बोलत नाही."

मी खोक्यावर बसले आणि ठरवलं की तोंड उघडायचं नाही. बाउके रंधा ठेवतो, हात पुसतो, नदीकडे बघतो. माझी छाती आवळली. मी शेडच्या छताच्या फळ्या मोजल्या. एकोणीस.

"हिल्के, तू दर वाढदिवसाला मला... जहाजांचं कॅलेंडर देतेस."

जीभ दातांखाली धरली.

"अकरा कॅलेंडरं झाली." तो पुन्हा थांबला. "मी जहाज विकलं तेव्हा तू सगळ्यांना सांगितलंस, बाउकेचा जीव त्या जहाजात अडकलाय. मग सगळेच मला जहाजांच्या वस्तू द्यायला लागले. घरात चौदा जहाजं आहेत. एक दिव्याचं आहे." आणखी एक दीर्घ विराम. "मला ते जहाज कधीच आवडलं नाही. बापाचं होतं म्हणून चालवलं. पाण्याचा मला... कंटाळा येतो."

"पण घर तर नदीकाठी घेतलंस!"

"तू शोधून दिलंस."

मी इतकी हसले की खोक्यावरून घसरले, आणि बाउकेही हसला, हळूहळू, हप्त्याहप्त्याने. मग हसू संपलं आणि मला शरम वाटली. अकरा वर्षं हा माणूस दर महिन्याला माझ्यामुळे भिंतीवरचं एक नवं जहाज बघत होता. मी माफी मागितली. त्याने खांदे उडवले. "कॅलेंडर उपयोगी पडतं," म्हणाला.

त्याला मी मिर्तेच्या फोनचं सांगितलं. तिला जाऊन विचारू का, म्हटलं, की तुला काय म्हणायचं होतं?

खूप वेळाने तो म्हणाला, "नको. तू विचारतेस तेव्हा उत्तर तुझ्या तोंडावर लिहिलेलं असतं. समोरचा ते वाचून दाखवतो आणि घरी जातो. नुसती जा. काहीतरी कामाने जा."

काम आयतं मिळालं. आमच्याकडे बाळंतिणीसाठी घरी येणाऱ्या नर्सला पलंग ऐंशी सेंटिमीटर उंच लागतो, नाहीतर ती पाठीचं कारण सांगून हात लावत नाही. बाउकेने पलंगाच्या पायांखाली घालायला चार भक्कम ठोकळे करून दिले. जानेवारीच्या शेवटच्या गुरुवारी, आगाऊ फोन करून, मिर्तेने दिलेल्या वेळेला, दोन वाजता, मी ते घेऊन ग्रोनिंगनला गेले.

योरिस कामावर होता. मिर्ते अवाढव्य झाली होती, चालताना भिंतीला हात लावत होती. ठोकळे तिने बघितले, छान आहेत म्हणाली, योरिस संध्याकाळी बसवेल म्हणाली. आम्ही स्वयंपाकघरात चहा घेऊन बसलो. मी वही आणली नव्हती. एवढी अक्कल आली होती.

ती हवेबद्दल बोलली. मी हवेबद्दल बोलले. मग बोलणं संपलं.

छातीत फोन वाजायला लागला. वाजू दिला. समोरच्या भिंतीवर फरशा होत्या, त्या मोजाव्यात असं मनात आलं, पण मग ध्यानात आलं की मोजायला लागले तर तिच्याकडे बघणार कोण. म्हणून तिच्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. ते नोव्हेंबरातही असेल.

"आई, काय झालंय? बोलत का नाहीयेस?"

"काही नाही. बसलेय."

पुन्हा बराच वेळ गेला. ती कपाच्या कडेवरून बोट फिरवत राहिली.

"मला भीती वाटते," ती म्हणाली.

बाळंतपणाची! शब्द जिभेवर आला होता. मागोमाग पुढचंही आलं होतं: आता औषधं असतात, माझ्या वेळी काही नव्हतं, तू काटक आहेस. मी चहाचा इतका मोठा घोट घेतला की टाळू भाजली.

"...की ते बाहेर येईल, आणि मला काहीच वाटणार नाही."

मी कप धरून राहिले.

"आत्ताही वाटत नाही. लोक पोटाला हात लावतात आणि त्यांनाच भरून येतं. मला वाटतं कुणीतरी भाडेकरू राहायला आलाय. योरिसला सांगितलं नाही. इनेकेला एकदा म्हटलं, तर ती म्हणाली, वेडे, बघशील तर खरी, नुसतं पाहिलंस की पुरे. आणि पाहिल्यावरही नाही वाटलं तर? तिच्यापुढे नाटक करता येईल मला. ती आपल्या आनंदात असते, तिला कळणार नाही. पण तू..."

ती थांबली. मी थांबले.

"तू मला सांगितलं असतंस की मी खूष आहे. आल्या-गेल्याला सांगितलं असतंस. आणि तू इतकं नीट सांगतेस, आई, की मला ते पटलं असतं. लहानपणापासून पटत आलंय. मग मला काय वाटतंय हे मलाच कधी कळलं नसतं. म्हणून तू नको होतीस पहिल्या आठवड्यात."

हे ऐकून मला कसं वाटलं ते लिहिते. दार बोटांवर आपटावं तसं वाटलं. पण त्याच वेळी असंही वाटलं की हे वाक्य मी जन्मात रचू शकले नसते, एकतीस वर्षांचा सगळा अनुभव लावूनही नाही. माझी मुलगी मला आजवर माहीतच नव्हती.

आता काही बोलायला हवं होतं. 'सगळ्यांनाच असं वाटतं, होईल नीट' हे तयार होतं, सुबक, कुणी दुरुस्ती सुचवणार नाही असं. ते मी बाजूला ठेवलं. त्याच्या मागे आणखी एक वाक्य होतं. ते माझं होतं, आणि ते मी कुणालाही, तिच्या बापालाही, कधी ऐकवलं नव्हतं. खरं तर स्वतःलाही नाही.

"मलाही तू आवडली नव्हतीस," मी म्हणाले.

"काय?"

"जन्मलीस तेव्हा. नर्सने तुला माझ्या हातात दिलं आणि माझ्या मनात आलं, बरी आहे दिसायला, आता हिला कुणीतरी घेऊन जा."

मिर्ते माझ्याकडे बघत राहिली. "पण तू तर सांगतेस की पहिल्याच रात्री मी तुझं बोट धरलं आणि तुला..."

"बोट धरलं होतंस. पुढचं मी जोडलं. ऐकायला बरं वाटतं म्हणून. दर वाढदिवसाला सांगून सांगून मलाच खरं वाटायला लागलं."

"किती दिवस?" तिने विचारलं.

"काय किती दिवस?"

"मी आवडायला किती दिवस लागले?"

दोन आठवडे, असं म्हणता आलं असतं. दोन आठवडे म्हणजे माणसाला शोभेलसं काहीतरी. मी खिडकीतून बाहेर बघून खरोखरच आठवायचा प्रयत्न केला. आठवत होतं. सगळं आठवत होतं.

"तू एप्रिलची. ऑक्टोबर संपत आला होता."

तिने बोटांवर मोजलं. मी मोजू दिलं.

"सात महिने?"

"हो. तुझं सगळं केलं मी. अंघोळ, दूध, वजन, सगळं वेळच्या वेळी. तुझ्या बापाला काही कळलं नाही. पण आत काही नव्हतं."

"आणि ऑक्टोबरात काय झालं?"

"काही नाही. तू सोफ्यावरून पडलीस. मी इतकी घाबरले की माझं मलाच नवल वाटलं. तेव्हा कळलं की आवडायला लागली आहेस. कधीपासून, ते नाही सांगता येणार."

मिर्ते रडायला लागली. कशासाठी, ते मी विचारलं नाही, आणि सांगितलंही नाही. टेबलावरून हात पुढे केला, तो तिने घट्ट धरला. ओल्या नाकाने ती मध्येच हसली, "सोफ्यावरून!" म्हणाली, आणि पुन्हा रडली. बऱ्याच वेळाने तिने भांडी पुसायच्या फडक्याने तोंड पुसलं, उठली आणि फोन हातात घेतला.

"कुणाला करतेस?"

"इनेकेला. तिला दुसऱ्या आठवड्यात ये म्हणून सांगते. पहिल्यात तू ये."

"मिर्ते, मी गप्प बसेन की नाही ते खात्रीने सांगता येत नाही. आज जमलं. रोज जमतं असं नाही."

"नको बसूस गप्प," ती म्हणाली. "इनेकेला योरिस पोटात असल्यापासून आवडायचा म्हणे. मला पहिल्या आठवड्यात घरात अशी बाई हवीय, जिला सात महिने लागले."

"बरं," मी म्हणाले.